वखारीतलं विद्यापीठ

"आजपासून भोईनकरांच्या घराण्यानं मासळी टाकली!" ओटीवर उभं राहून, छातीवर हात ठेवून, समोरच्या खाडीला ऐकू जाईल अशा आवाजात येसाजी नाखवा म्हणाले.

"आधी हातातला बोंबील टाका," आवडाबाई आतून म्हणाल्या.

येसाजींनी हाताकडे पाहिलं. भाजलेला बोंबील होता खरा, आणि अर्धा उरला होता. घराण्याचा एवढा मोठा निर्णय अर्ध्या बोंबलासाठी तहकूब करणं बरं दिसलं नसतं. अर्धा बोंबील फुकट घालवणं त्याहून वाईट दिसलं असतं. त्यांनी तो घाईघाईनं तोंडात कोंबला आणि राहिलेली घोषणा चावत चावत पुरी केली.

"परवापर्यंत," ते म्हणाले.

परवा विद्यापीठाची समिती खारवण्याला येणार होती. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि राज्य विद्यापीठाला एकदम किनाऱ्याची आठवण झाली होती. पोरं मुंबईला येऊ शकत नसतील तर आपण पोरांकडे जाऊ, ठिकठिकाणी शाखा काढू, असं तिथं ठरलं होतं. खाडीच्या या अंगाला एक शाखा मिळणार होती आणि तिच्यावर दोन गावांनी हक्क सांगितला होता. म्हसळ्याकडे मामलेदार कचेरी होती, एसटीचा थांबा होता आणि दुसऱ्यांदा मागितल्यावर चहा देणारं एक हॉटेल होतं. खारवण्याकडे भोईनकरांची सुक्या मासळीची वखार होती आणि भोईनकरांचा दत्तात्रेय होता.

दत्तात्रेय हा येसाजींचा धाकटा. मुंबईत विद्यापीठाच्या कचेरीत जावक विभागात कारकून. विद्यापीठातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद त्याच्या हातून जाई, त्यामुळे विद्यापीठ आपणच चालवतो असं त्याचं प्रामाणिक मत होतं. शाखेसाठी इमारत फुकट देणाऱ्या गावाचा विचार आधी होईल असं त्याच्या कानावर आलं आणि त्यानं वडिलांना निरोप धाडला. वडिलांनी त्याच पावली वखार देऊन टाकली. आता समितीच्या आधी दोन दिवस तो स्वतः हजर झाला होता, आणि त्याला एकच चिंता होती.

"बाबा, वास," तो म्हणाला.

"वासाचं येवडं काय रं? आमी जन्मलो त्यात."

"म्हणून तर तुम्हाला येत नाही. साहेब मंडळी बोटीतून उतरली की नाकाला रुमाल लावतील. म्हसळ्याची माणसं आत्ताच सांगत फिरतायत, की खारवण्याची पदवी फडक्यात गुंडाळून न्यावी लागेल."

ओटीच्या कोपऱ्यात थोरला दादू जाळं सांधत बसला होता. घराची होडी तो चालवायचा आणि बोलायचा कमी. बोलला की लोक म्हणत, नव्हता बोलला तेच बरं होतं.

"बर्फवाल्यांना वास चालतो," तो म्हणाला.

बर्फवाले म्हणजे मुंबईचे दोन गुजराती भागीदार. त्यांना खाडीवर बर्फाचा कारखाना काढायचा होता आणि वखार त्यांच्या डोळ्यांत भरली होती. बर्फ आला की पापलेट ताजं मुंबईला जाणार आणि दादूच्या होडीला इंजिन बसणार. दादूनं ते इंजिन स्वप्नात दोनदा चालवूनही पाहिलं होतं.

"मी शब्द दिलाय," येसाजी म्हणाले. "वखार विद्यापीठाला."

"पोरीसाठीच ना सगलं? सांगतो मी. पदवी घेऊन ती करनार काय? पिढीजात धंदा आपला. उगा घरात मन लागायचं न्हाय तिचं."

पोरगी म्हणजे नलू, दादूचीच. मागच्या साली ती मॅट्रिक झाली आणि तेव्हापासून घरात बसून होती. मुंबईला पाठवायची तर दत्तूची परळला एकच खोली आणि तीत माणसं सात. म्हसळ्याला ठेवायची तर कोणाच्या घरी, हा प्रश्न. आणि पावसाळ्यात तिकडची गाडी बंद झाली की घरून माणूस पोचणार कसा, हा दुसरा. शेवटी दादूनंच एकदा चिडून म्हटलं होतं, "कालेज दारात आलं तर जाऊ दे तिला." उंबऱ्यात देवमासा आला तर मीठ लावू, अशा सुरात म्हटलं होतं. ते आता खरंच दारात येऊ पाहत होतं. तिकडे नागावहून नलूला मागणं आलं होतं आणि त्यांना शिमग्याच्या आत उत्तर हवं होतं. मुलगा चांगला होता. तीच तर अडचण होती. नाही म्हणायला काही निमित्त नव्हतं. एका कॉलेजखेरीज.

"पोरीचं नंतर बघू," येसाजी म्हणाले. "आधी घराण्याचा शब्द. वखार मी दिली ती दिली."

तेवढ्यात आतल्या अंगाला चाव्यांचा जुडगा वाजला आणि ओटीवरच्या तिन्ही पुरुषांनी माना वळवल्या.

"कोनाची वखार?" नीराबाई दारात येऊन म्हणाल्या.

या किनाऱ्यावर सरकारच्या आधीपासून एक कायदा आहे. मासळी पाण्यात असेपर्यंत पुरुषाची. वाळूला लागली की बाईची. मग तिला निवडायची, वाळवायची, विकायची ती बाईनं, आणि भाव बोलायचा तोही बाईनं. येसाजींची ही धाकटी बहीण नवऱ्याची होडी परत आली नाही त्या साली माहेरी आली, तेव्हापासून वखारीची चावी तिच्या कमरेला होती. भिंती येसाजींच्या बापानं घातल्या होत्या, कौलं येसाजींनी चढवली होती, पण आतला शेवटचा जवळासुद्धा नीराबाईंना ओळखत होता.

"भाऊ, होडी तुजी. जालं तुजं. वखार माजी. मग तू दिलीस ती कंची?"

येसाजींनी खाडीकडे पाहिलं, जणू तिथं दुसरी एखादी वखार तरंगताना दिसेल.

"वन्सं, शब्द गेलाय त्यांचा," आवडाबाई म्हणाल्या. नवऱ्याची बाजू घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण नणंदेची घेण्याचा तर अजिबात नव्हता.

"शब्द जाऊ दे. बोंबील कुठं जातील माजे? बाकावर बसून शिकनार?"

दादूला वाटलं, आत्या आपल्या बाजूला आली. वारा फिरला की शीड सोडायचं, हे त्याला होडीवर चांगलं कळे. माणसांत तेवढं कळत नसे.

"तेच बोलतो मी, आत्या," तो उत्साहानं म्हणाला. "बर्फवाल्यांना दे. बर्फ आला की सुकवायची कटकटच मिटली. तू बस की आरामात."

नीराबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आराम हा शब्द त्यांना आजवर फक्त एकदाच कोणी म्हटला होता, नवरा गेल्यावर, सासरच्यांनी. त्याच आठवड्यात त्यांचं बोचकं दाराबाहेर आलं होतं.

"मी आरामात बसू," त्या सावकाश म्हणाल्या. "बरं. बोंबील मी कुठंबी सुकवीन, पन बर्फाला वखार न्हाय." त्यांनी कमरेची चावी सोडवली आणि चुलीपाशी बसलेल्या दादूच्या बायकोपुढं धरली. "सोने, घे. नलूची पुस्तकं वखारीत नेऊन ठेव. आन दत्तू, तुज्या साहेबाला बोलीव."

"ठेवलीत," सोनाबाई भाकरी उलटत म्हणाली. सगळ्या बैठकीत तोवर तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"कवा?"

"मागल्या म्हयन्यात."

"चावी तर माज्या कमरंला."

"तुमी दुपारच्या झोपता."

दादूनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं भाकरीकडे पाहिलं. अठरा वर्षांच्या संसारात ही बाई आपल्या पाठीमागं किती कुलपं उघडत असेल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्यानं तो जाळ्याच्या गाठीत घट्ट बांधून टाकला.

दुसऱ्या दिवशी वखार धुणं निघालं.

आधी बोंबील, जवळा आणि सोडे शेजारी मनुबाईच्या पडवीत गेले. मनुबाईला त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं; तिनं संध्याकाळपर्यंत काही विचारलंही नाही, एवढ्यावरूनच घराण्याचा गावातला मान कळतो. मग नीराबाईंनी पदर खोचला. त्यांनी वखार खाऱ्या पाण्यानं धुतली, गोड्या पाण्यानं धुतली, राखेनं घासली, शेणानं सारवली. दत्तूनं मुंबईहून आणलेलं फिनेल शिंपडलं. आवडाबाईंनी उदाचा धूर केला. नलूनं केवड्याची कणसं आढ्याला बांधली. येसाजींनी स्वतः उभं राहून अगरबत्त्या लावल्या आणि घोषणा केली की आता इथं खुद्द सरस्वती नाक न धरता बसेल. शेवटी दत्तूनं अत्तराची बाटली काढली, आणि थोडं लावण्याऐवजी ती सबंध सांडली.

सगळे बाहेर येऊन उभे राहिले. मग एकेक जण आत जाऊन आला.

वास गेला नव्हता. वास नटला होता.

"लग्नाला निघालेला बोंबील," सोनाबाई पुटपुटली, आणि नलूला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उदाच्या धुरानं आलं असं तिनं आईला सांगितलं. आईनं ते खरं मानलं आणि तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"नीराआजी, साहेब नाही म्हणाले तर?" नलूनं विचारलं.

"म्हनू देत. शेवग्याची फांदी मोडून जमिनीत खोचली की झाड व्हतं. झाडाला इचारायला कोन जातं?"

"ती फांदी झाडाचीच असते, आजी."

"शिकलीस तेवडी पुरे झाली," नीराबाई म्हणाल्या, पण नाराजीनं नव्हे.

समिती आली ती पुऱ्या भरतीच्या वेळी. आगरदांड्याहून निघालेली होडी थेट धक्क्याच्या पायरीला लागली आणि पाहुण्यांचे बूट कोरडे राहिले. समिती म्हणजे अध्यक्ष डॉ. टिल्लू आणि त्यांची बॅग धरणारे एक साहाय्यक. नाव टिल्लू असलं तरी माणूस आडवा होता. ते व्याकरणाचे प्राध्यापक होते. समोरच्याचं बोलणं ऐकताना त्यांचे ओठ हलत, मनातल्या मनात चुका दुरुस्त करत असल्यासारखे.

दत्तू दोन्ही हात जोडून पुढं झाला. ज्या माणसाची सही त्यानं शेकडो लखोट्यांत घातली होती तो माणूस त्याला ओळखत नव्हता. त्याला थोडं वाईट वाटलं. मग त्यानं त्याची जावक नोंद करून टाकली.

डॉ. टिल्लूंनी वखार पाहिली. खिडक्या मोजल्या, खांब ठोकून पाहिले, शौचकूप कुठं असं विचारलं. येसाजींनी सगळ्या समुद्राकडे हात केला, तेव्हा दत्तू मध्ये पडला आणि म्हणाला की बांधायचं ठरलंय. मग जेवणं झाली. वरण-भात, अळूचं फदफदं, नारळाच्या वड्या. मासळीवाचून स्वयंपाक करण्याची आवडाबाईंच्या हाताला सवय नव्हती; वरणाला कोकम लागलं होतं आणि अळूला तिरफळ. डॉ. टिल्लू आनंदानं जेवले, दोनदा भात मागून घेतला, आणि वामकुक्षी आटोपून वखारीत खुर्चीवर येऊन बसले तेव्हा ओहोटी सरत आली होती. घरची सगळी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. निकाल ऐकायला गावही दाराबाहेर जमलं होतं.

"जागा प्रशस्त आहे," डॉ. टिल्लू म्हणाले. "मंडळी अगत्यशील आहेत. तथापि मला खेदानं नमूद करावं लागेल, की स्थान दुर्गम आहे."

नीराबाई दारात होत्या. आदल्या दिवशी राखेनं घासून घासून त्यांच्या बोटांची सालं निघाली होती, आणि तेव्हापासून त्यांचे कान एकाच शब्दाची वाट बघत होते. त्यांना तोच ऐकू आला.

"कसला दुर्गंध?" त्या गरजल्या. "बोला, कसला? फिनेलाचा हाय, उदाचा हाय, केवड्याचा हाय, ह्या दत्तूच्या बाटलीतला हाय. मासलीचा दाखवा! ह्या भिंतीला नाक लावा आन दाखवा!"

डॉ. टिल्लू खुर्चीतच मागं सरले. "दुर्गंध? बाई, मी दुर्गंध म्हणालो नाही. दुर्गंध आहे का इथे?" त्यांनी खिशातून डबी काढली आणि घाबरलेल्या माणसाला शोभेल अशी मोठी चिमूट ओढली. "मला काही कळायचा संभव नाही. तपकिरीमुळं माझं नाक गेलं त्याला बरीच वर्षं झाली. मला कसलाच वास येत नाही."

शेण, राख, फिनेल, ऊद, केवडा आणि अत्तर, सगळी एकमेकांकडे बघू लागली.

"म्हंजे," नीराबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माज्या वखारीत हुबं राहून तुमाला कायच आलं न्हाय? सुक्या बोंबलाचासुद्दा?"

"काहीच नाही."

मुंबईपर्यंत ज्यांच्या मालाची ओळख वासावर पटे, त्या नीराबाईंचा असा अपमान आजवर कोणी केला नव्हता.

"आत्या, दुर्गम," दत्तू कानाशी कुजबुजला. "दुर्गम म्हणजे यायला जायला अवघड."

"अवघड?" येसाजी म्हणाले. "आमी तर रोज जातो येतो."

"आपण जाता, नाखवा," डॉ. टिल्लू समजुतीनं म्हणाले, "पण प्राध्यापक कसे येणार? मी सकाळपासून बैलगाडी, मोटार आणि होडी अशा तीन वाहनांतून आलो. म्हसळ्याला रस्ता आहे. शाखा तिकडेच द्यावी असं माझं मत झालं आहे." मग त्यांचं लक्ष नलूकडे गेलं. ती नवं लुगडं नेसून, हातात वही धरून, अगदी पुढं उभी होती. तिचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, काहीतरी बरं बोलावं. "आणि असं पाहा, पिढीजात धंदा आहे तुमचा. पदवी घेऊन या मुलीनं करायचं काय? उगाच घरात मन लागेनासं होईल तिचं."

दादू भिंतीला टेकला होता. तो सरळ झाला.

दोन दिवसांपूर्वी हे सगळं तो स्वतः बोलला होता. पण ओटीवर, जाळं सांधताना, आपल्या माणसांत. तेच शब्द आता इस्त्री होऊन परक्याच्या तोंडातून आले, आणि पोरीनं मान खाली घातली. आपण बोललो तेव्हाही तिनं अशीच मान घातली असेल का, हे त्याला आठवेना. आठवेना, कारण तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "ते मी बोलायचं. बाप मी हाय. तुमी कोन?"

"दादू!" येसाजी ओरडले.

"ओहोटी सरत आलीया," दादू एकदम मऊ आवाजात म्हणाला. "निघायला पायजे. चला, मी पोचवतो तुमाला होडीपतूर."

दत्तूनं सुटकेचा श्वास सोडला. येसाजींनी कपाळाला हात लावला. आपल्या घराण्यात शब्द पाळणारा आपल्यानंतर कोणी नाही याबद्दल त्यांची खात्री झाली. फक्त आवडाबाईंनी सोनाबाईकडे पाहिलं. त्यांनी या माणसाला जन्म दिला होता आणि सोनाबाईनं त्याला निभावलं होतं. दादू मऊ बोलला की वादळाचा बावटा चढला, हे दोघींनाच माहीत होतं. दोघी सासवा-सुना, ज्यांचं मिठाच्या खड्यावरून जमत नसे, त्या एकमेकींचा हात धरून धक्क्याकडे निघाल्या.

ओहोटीला खारवण्याच्या धक्क्यापासून पाणी मागं हटतं आणि मधे गुडघाभर काळा चिखल उरतो. होडी पलीकडे पाण्यात उभी राहते. गावचा माणूस चिखलातून चालत जातो. पाहुण्याला खांद्यावर बसवून नेतात. त्यात मान असतो, निदान वर बसलेल्याला तसं सांगतात. साहाय्यक गुणाजी खलाशाच्या खांद्यावरून बॅगेसकट आधी पोचले. मग दादू वाकला आणि विद्यापीठाच्या समितीचा अध्यक्ष दोन्ही पाय पुढं सोडून त्याच्या मानेवर बसला. नलू लुगडं खोचून बाजूनं चालू लागली. एका हातात साहेबांचे बूट, दुसऱ्यात छत्री.

बरोबर मध्यावर दादू थांबला.

"का हो थांबलात?"

"दम खातो, साहेब."

खाडीवरून वारा आला. बगळे उठले आणि पुन्हा बसले. डॉ. टिल्लूंनी थोडी वाट पाहिली.

"झाला का खाऊन?"

"न्हाय. मोटा हाय."

"तुम्ही मला दम देताय काय?"

"द्यायचा असता तर खाल्ला असता का?"

व्याकरणाच्या दृष्टीनं यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. होडीतून साहाय्यक ओरडले, "सर, भरती लागतेय म्हणतात!" काळ्या चिखलावर पाण्याची एक बारीक जीभ सरकत येत होती.

"ही सरळ सरळ अडवणूक आहे!"

"आडवलंय कुठं? उतरा की," दादू म्हणाला.

डॉ. टिल्लूंनी खाली पाहिलं आणि उतरण्याचा विषय सोडून दिला. धक्क्यावर आता सगळं गाव होतं. कोणी ओरडत नव्हतं, कोणी हसत नव्हतं. नीराबाई सगळ्यांत पुढं, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. खांद्यावरच्या ओझ्यानं दादूचे पाय इंचाइंचानं रुतत होते. बर्फवाले दुसरी जागा बघतील, इंजिन आणखी काही वर्षं स्वप्नातच चालेल, हे त्याला चिखलात उभं राहिल्यावर स्पष्ट दिसलं. आश्चर्य म्हणजे त्याला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. मान मात्र भरून आली होती.

"सर," नलू म्हणाली. ती गुडघाभर चिखलात होती आणि साहेबांचे बूट तिनं छातीशी कोरडे धरले होते. "अहवालात दुर्गम लिहिणार तुम्ही?"

"लिहावं लागेल."

"कोणाला दुर्गम?"

"कोणाला म्हणजे?" आणि मग तीस वर्षांची सवय त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडली. "दुर्गम शब्द फोडून दाखव पाहू."

"दुर् म्हणजे कठीण, गम् म्हणजे जाणे. जिथं जाणं कठीण, ते दुर्गम."

"बरोबर."

"पण कोणाला कठीण, ते त्या शब्दात नाही, सर." ती आता मान वर करून बोलत होती. "तुम्हाला खारवणं दुर्गम. मला म्हसळा दुर्गम. मुंबई तर माझ्यासाठी नाहीच. तुम्हाला इथं एकदा यायचं होतं, ते आलात. मला रोज जायचंय. मग हा शब्द कोणाच्या बाजूनं लिहायचा?"

डॉ. टिल्लूंनी जन्मभर मुलांना शब्द फोडायला लावले होते. फोडलेला शब्द परत त्यांच्या हातात कोणी दिला नव्हता. विचार करताना त्यांची पकड नकळत घट्ट झाली.

"विद्यार्थी कोण येणार?" त्यांनी विचारलं. आवाज परीक्षकाचाच होता, पण तोंडी परीक्षा लांबवणाऱ्या परीक्षकाचा.

"मी येणार. दिघीतली मॅट्रिक झालेली पोरं वाटच बघतायत. आगरदांड्याची होडीनं येतील. म्हसळ्याला शाखा गेली तर यांतलं कोणी जायचं नाही. तुमचे प्राध्यापक तिथं रस्त्यानं येतील, आणि रस्त्यानंच परत जातील."

"प्राध्यापकांना असं मधे उभं करणार तुम्ही दर वेळी?"

"न्हाय," दादू खालून म्हणाला. "शिकवायला येनारा माणूस आमी पळत नेऊ. परत न्यायला येळ लागतो."

पाणी आता नलूच्या गुडघ्याला लागलं होतं. तिनं बूट आणखी वर उचलले. डॉ. टिल्लूंनी तिच्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, मग लांब वखारीच्या कौलांकडे. त्यांनी घसा खाकरला.

"दुर्गम हा शब्द काढून टाका!" त्यांनी होडीतल्या साहाय्यकाला खड्या आवाजात सांगितलं. "लिहा. खारवणे येथे तूर्त एक वर्षासाठी शाखा उघडावी. जूनपासून. पहिली विद्यार्थिनी..." ते खाली वाकले. "नाव काय तुझं?"

"नलिनी दादू भोईनकर."

"हे मुख्य, हे लिहा!"

साहाय्यकांनी बॅगेवर कागद ठेवून लिहिलं. धक्क्यावर एकच गलका उठला. दत्तू मुंबईचा कारकून असल्याचं विसरून चिखलात उतरला आणि पाटलोणीसकट बसला. नागावच्या मंडळींना काय कळवायचं हे सोनाबाईनं मनात ठरवूनही टाकलं. नीराबाई ओरडल्या की साहेबाच्या नाकाला दवा हाय आपल्याकडं, पुढल्या खेपेला येऊ दे. येसाजी धक्क्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर चढले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले की भोईनकरांच्या घराण्याचा शब्द म्हणजे दर्यातला खडक, हे आज सरकारला कळलं.

तो गलका ऐकून डॉ. टिल्लूंनाही भरून आलं. इतक्या उंचावरून, इतक्या लोकांपुढं ते कधी बोलले नव्हते. चोहोकडून भरती चढत होती, सूर्य खाडीवर कलत होता, आणि भाषणाला यापेक्षा चांगली जागा त्यांना विद्यापीठानं कधी दिली नव्हती.

"सज्जनहो!" ते म्हणाले, आणि गाव गप्प झालं. "आज या खाडीच्या तीरावर ज्ञानाचा जो दीप आपण लावतो आहोत, तो कोणत्याही वादळानं विझणार नाही! येणाऱ्या पिढ्या विचारतील, की हा प्रकाश प्रथम कोणी खांद्यावर वाहून आणला? तेव्हा इतिहास सांगेल..."

"साहेब," खालून दादूचा आवाज आला.

"बोला, दादूजी. बोला!"

"तेवडे माजे कान सोडा."